परत आणणारे हात

कानेयो मिनाकुची यंदा पुन्हा आपल्या सासऱ्याचा गळा आवळणार, हे कुनिसे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तारीखसुद्धा ठाऊक होती. जानेवारीची अकरा. नव्या वर्षाला देवापुढे ठेवलेली कुटलेल्या भाताची मोठी गोल वडी, मोची, त्या दिवशी फोडतात आणि चवळीच्या गोड कढणात घालून खातात. मिनाकुचींच्या घरी मोची फुटायच्या आधी गळा आवळला जायचा, एवढंच काय ते वेगळं.

तोफूवाली हामा दारात आली की रोज त्यावरूनच सुरू व्हायची. "सासऱ्याचा गळा धरावासा कुठल्या सुनेला वाटत नाही, कानेयो-सान? आम्ही बिचाऱ्या मनातल्या मनात धरतो. तुमच्याकडे त्याचा मुहूर्त काढतात." मग पाण्यातून तोफूची वडी अलगद उचलून कानेयोच्या वाडग्यात सोडायची आणि डोळे बारीक करून विचारायची, गेली दोन वर्षं जमलं नाही म्हणे, हात आखडला की काय? माझी सासू असती तर मी एका दमात उरकलं असतं. कानेयो हसायची. चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगाने काटक, बोलायला कमी. हसायची आणि वाडगं घेऊन आत जायची.

आता कुणाला वाटेल, हे काय भलतंच! भलतं काही नव्हतं हो. नदीच्या वळणावरच्या त्या घराला दोन खोल्या महत्त्वाच्या. पुढच्या खोलीत हाडं बसवायची, मागच्या खोलीत जुजुत्सुची, म्हणजे निःशस्त्र झुंजीची तालीम. बारा चटयांची, जुनाट, पण आरशासारखी पुसलेली. पुढे निखळलेला खांदा जागेवर यायचा, मागे तो कसा निखळतो ते शिकायचं. डोंगरातले लाकूडतोडे, तराफेवाले, शेतातल्या बायका, सगळ्यांच्या हाडांना मिनाकुचींचा हात लागलेला. आणि ही मागची तालीम त्याच घराण्याची, अकरा पिढ्यांची. अकरावे तोकुजी मिनाकुची, म्हणजे कानेयोचे सासरे, वय वर्षं एकोणऐंशी. बारावं कुणी नव्हतं.

कानेयो मुळात तराफे हाकणाऱ्यांच्या घरची. बाविसाव्या वर्षी तोकुजींच्या मुलाशी, तेइजीशी लग्न होऊन आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट तिने नंतर जन्मभर सांगितली. गोनरोकू नावाचा एक आडदांड लाकूडतोड्या खांदा निखळवून आला होता. दारू ढोसलेली, दुखण्याने पिसाळलेला. कुणी हात लावला की गुरासारखा ओरडायचा. तोकुजी जवळ गेले तसा त्याने चांगला हात फिरवला. तोकुजी उंचीने त्याच्या छातीला लागत नव्हते. पाहुण्याला दारातून वाट द्यावी तसे ते एक पाऊल बाजूला झाले. गोनरोकू आपल्याच हाताच्या मागे गेला, गरकन फिरला आणि चटईवर उताणा पडला. पडताना त्याचा दुखरा हात तोकुजींच्या दोन्ही हातांत होता. टक्‌ असा एक बारीक आवाज झाला. झालं, खांदा जागेवर. गोनरोकू उठून बसला, हात वर केला, खाली केला, आणि त्याची दारूच उतरली. तो हमसून रडायला लागला. कानेयो चहाचं तबक घेऊन उभी होती. ती म्हणायची, माझ्या हातातला एक थेंब सांडला नाही, कारण मी श्वाससुद्धा घ्यायचा विसरले होते.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात वेडच शिरलं. एवढंसं माणूस, एवढा मोठा दांडगा, आणि जोर कुठे लावलेलाच दिसला नाही. आणि ज्या आपटण्याने हात मोडायचा, त्याच आपटण्याने तो बसला. तिने नवऱ्याला विचारलं, मला शिकता येईल? तेइजी म्हणाला, बाबांना विचार. बाबा म्हणाले, आधी पडायला शिक.

सहा महिने ती नुसती पडत होती. पुढे, मागे, कुशीवर, गोल. भांडी घासून झाली की पडायचं, कपडे वाळत घातले की पडायचं. आणि सहा महिन्यांनी डाव सुरू झाले तेव्हा तिला पहिला धक्का बसला. या घराण्यात पडायचं काम धाकट्याचं नसतं. वार करायचा थोरल्याने, हरायचं थोरल्याने, आपटून घ्यायचं थोरल्याने. धाकटा फक्त जिंकतो. तोकुजींचं म्हणणं असं, की डाव बरोबर बसला की चुकला हे ज्याच्या अंगावर बसतो त्यालाच कळतं, बघणाऱ्याला काय कळणार? म्हणून ते चटईवर उताणे पडल्यापडल्या सांगायचे, कोपर उशिरा आलं. पुन्हा. पाऊल आधी, मग कंबर. पुन्हा. एकदा पोस्टमन पत्र द्यायला मागच्या अंगणातून आला आणि त्याने हे बघितलं. झालं! मिनाकुचींची नवी सून म्हाताऱ्याला रोज बडवते, अशी बातमी संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात. तेइजी हसून हसून लोळला होता. तोकुजी मात्र गंभीरपणे म्हणाले, बातमी खरी आहे.

मऊपणा म्हणजे काय, तेही त्यांनी तिला तालमीत नाही, घरातच शिकवलं. स्वैपाकघराचं सरकतं दार पावसाने फुगून अडकायचं. कानेयो खांदा लावून ढकलायची, ते आणखीच रुतायचं. तोकुजींनी एकदा तिला बाजूला केलं, दाराचा काठ केसभर उचलला आणि दोन बोटांनी सरकवलं. म्हणाले, माणूसही असाच खोबणीत उभा असतो. त्याला खोबणीतून केसभर वर काढ. मग ढकलायची गरजच नाही, तो जिथे निघालाच होता तिथे त्याला जाऊ दे.

घराण्याचं मूळ मात्र त्यांनी एका बैठकीत कधी सांगितलं नाही. पट्ट्या गुंडाळताना थोडं, मलम घोटताना थोडं, असं तुकड्यातुकड्याने. तीनशे वर्षांपूर्वी डोंगरावरच्या किल्ल्यात मिनाकुची याहेइ नावाचा एक शिपाई होता. माणसं जिवंत पकडायची, हे त्याचं काम. रणांगणात चिलखतं घालून झोंबणारे पुष्कळ होते, पण मालकाच्या आतल्या दिवाणखान्यात सगळे गुडघ्यांवर बसलेले, कमरेला एक आखूड तलवार, आणि तिथे रक्ताचा थेंब सांडायची बंदी. तिथे एक दिवस पहाऱ्यावरच्या एकाचं डोकं फिरलं आणि त्याने तलवार उपसली. तो याहेइचा मेव्हणा, सख्ख्या बहिणीचा नवरा. याहेइ गुडघ्यांवरच पुढे सरकला, त्याच्या हाताखालून शिरला आणि मागून गळा धरला. तलवार पडली. रक्त सांडलं नाही. मालकाने शाबासकी दिली. पण मेव्हणा उठलाच नाही.

"शाबासकी घेऊन घरी गेला," तोकुजी सांगायचे, "आणि दारात बहीण उभी."

याहेइने नोकरी सोडली. एका हाडवैद्याच्या पायाशी बारा वर्षं बसला. बुडालेले, गुदमरलेले, झाडावरून पडलेले, ज्यांना लोकांनी झाकून ठेवलं होतं त्यांतले काही परत कसे येतात, ते शिकला. आणि मग तालीम काढली, ती एकाच नियमावर. ज्याला परत आणता येत नाही, त्याने कुणाला पाठवायचं नाही. म्हणून या घराण्यात गळ्याचा डाव सगळ्यांत शेवटी. आणि तो घ्यायची रीत अशी, की आधी गुरू शिष्याला शुद्धीपलीकडे पाठवतो आणि परत आणतो. मग काही वर्षांनी, हात तयार झाला की शिष्याने गुरूला पाठवायचं. आणि परत आणायचं. तोकुजींच्या आधीच्या दहा पिढ्यांत प्रत्येक गुरू असा एकदा आपल्या शिष्याच्या हातात मेला म्हणा ना, आणि उठून बसला. हे ऐकलं तेव्हा कानेयोच्या अंगावर काटा आला होता. एवढा भरवसा माणूस माणसावर टाकू शकतो, हेच तिला खरं वाटेना.

तिची स्वतःची पाळी लढाईनंतर आली. तोवर सगळं होत्याचं नव्हतं झालं होतं. तिला आठवायचं ते एवढंच, की नदीचा आवाज ऐकू येत होता, तो लांब गेला, मग काही नाही, आणि मग पाठीवर एक गरम तळवा आणि तोकुजींचा चेहरा. किती गोड वाटलं होतं तो चेहरा बघून! आणि पुढच्याच क्षणी आठवलं होतं की आपल्याला हा चेहरा बघवत नाही.

कारण तेइजी. बारावा तोच व्हायचा. पण लढाई पेटली आणि गावातली त्याच्या वयाची पोरं एकेक करून आघाडीवर जायला लागली. तोकुजींनी डोकं चालवलं. मुलाला बोलावणं यायच्या आधी आपणच लष्कराच्या शाळेला पत्र लिहायचं, की आमचा मुलगा झोंबाझोंबीत तरबेज आहे, शिपायांना शिकवायला घ्या. शिक्षक म्हणजे आघाडीपासून लांब. कानेयोला हे इतकं पटलं की तिनेच बसून शाई उगाळली. तेइजी पत्र वाचून म्हणाला, बाबा, मी इथेच थांबतो, येईल तेव्हा येईल बोलावणं. तोकुजी म्हणाले, मला कळतं. पत्र गेलं. तेइजीला घेतलं. सात महिने त्याने शिकवलं, आणि मग ज्या तुकडीला शिकवलं त्याच तुकडीबरोबर त्याला ब्रह्मदेशात धाडलं. गावातले त्याच्या वयाचे पाचजण, ज्यांच्यासाठी कुणी पत्र लिहिलं नव्हतं, त्यांना उशिरा बोलावलं आणि देशातल्या देशातच ठेवलं. ते पाचही परत आले. पत्र गेल्याला दोन वर्षं झाली तेव्हा तेइजीची पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. आत अस्थी नव्हत्या, नुसती नाव लिहिलेली लाकडाची पट्टी होती.

कानेयो रडली नाही. माहेरी गेली नाही. सासऱ्याचा भात वाढत राहिली, कंबर चेपत राहिली, हाडं बसवत राहिली. पत्राबद्दल घरात एक अक्षर निघालं नाही. ना तिने काढलं, ना त्यांनी. लढाईनंतर काही वर्षं तालमींवर बंदीच होती, चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. बंदी उठली तोवर पोरं शाळेतल्या ज्युदोकडे वळलेली. तिथे सामने, तिथे बक्षिसं. मिनाकुचींकडे सामना नाही, बक्षीस नाही, वर थोरला माणूस रोज हरणार. कोण येतंय? राहिली एकटी कानेयो.

वर्षात एकदाच, मोची फोडायच्या दिवशी हा डाव घ्यायचा, तोही बाहेरच्या एका साक्षीदारासमोर, असा नियम. पहिल्या वर्षी तिने हात घातला, आवळला आणि सासऱ्यांची मान सैल पडायच्या आधीच सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी हात गळ्यावर नीट बसलाच नाही. गाव म्हणालं, मन हळवं आहे हो बाईचं, जीव आहे म्हाताऱ्यावर. कानेयोने गावाला तसंच समजू दिलं.

गेल्या शरदात तोकुजींना छातीत कळ आली. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, दगदग बंद, जड उचलायचं नाही, गरम पाण्यात फार वेळ बसायचं नाही. गळा आवळून घ्यायचा नाही, असं काही तो म्हणाला नाही. त्याला बिचाऱ्याला सुचणार तरी कसं? तोकुजी घरी येऊन म्हणाले, येत्या जानेवारीला शेवटचं. त्याच्या पुढच्या जानेवारीचं काही खरं नाही.

अकरा तारखेला सकाळी बाहेर बर्फ पडून गेलेलं, ऊन आलेलं. कानेयोने मिसोचं सूप, भात आणि मुळ्याचं लोणचं सासऱ्यांपुढे ठेवलं. स्वतःचं वाडगं घेतलं नाही. चटईवर हात टेकून बसली.

"बाबा, आजचं राहू द्या."

तोकुजी सूप पीत होते. त्यांनी का म्हणून विचारलं. ती म्हणाली, जमणार नाही. ते म्हणाले, हात तयार आहे, गेल्या वर्षीही होता.

"भीती वाटते."

"मी परत येणार नाही याची?"

"नाही." कानेयोने मान वर केली. "मी तुम्हाला परत आणणार नाही याची."

तोकुजींनी वाडगं खाली ठेवलं. आणि मग सतरा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. तेइजी थांबतो म्हणाला होता, तुम्ही थांबू दिलं नाहीत. तुम्हाला कळतं म्हणालात. शाई मी उगाळली, म्हणजे मीही त्यातली, म्हणून तुम्हाला बोलायचं तोंडही मला राहिलं नाही. रोज तुमचं अंथरूण घालते आणि रोज एकदा तरी मनात येतं, हा म्हातारा उद्या उठला नाही तर बरं. मग सकाळी तुम्ही खोकलात की हायसं वाटतं. आणि हायसं वाटलं म्हणून पुन्हा राग येतो. पहिल्या वर्षी मी लवकर सोडलं ते मायेने नाही सोडलं. माझ्या हातांना सोडायचं नव्हतं, म्हणून सोडलं.

"माहीत आहे," तोकुजी म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले.

"पेटी आली त्या दिवसापासून माहीत आहे. तू माझी पाठ चेपतेस ना, तेव्हा कधीकधी तो राग उजव्या अंगठ्यात येतो. मग तू तो अंगठा उचलतेस, आणि पुन्हा हलका ठेवतेस. पंधरा वर्षं ठेवते आहेस."

"मग हा डाव मला कशाला देता? शाळेतल्या एखाद्या चांगल्या पोराला द्या."

तोकुजींनी दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले. म्हणाले, चांगल्या पोराला मी आवडतो. तो मला परत आणेलच. ज्याला आणायचंच आहे त्याने आणलं, तर त्याच्या हाताबद्दल मला काय कळलं? याहेइच्या मनात त्या माणसाबद्दल काही वाईट नव्हतं, तरी माणूस गेला. घराण्याला असा हात हवा, की मनात काहीही असलं तरी तो परत आणतो. तुझ्याइतकी परीक्षा कुणाची होणार नाही, पोरी.

"आणि नाही आणलं तर?"

"तर घराणं इथे संपलं. आणि मग ते संपायलाच हवं होतं." त्यांनी लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला. "हामाला साक्षीला बोलावलंय. तोफू पण घे तिच्याकडून."

हामा आली ती नव्या एप्रनमध्ये, पाण्याची बादली ओसरीवर ठेवून. साक्षीदार म्हणून तालमीत बसायचा मान मिळाला म्हणून तिची छाती फुगली होती. येताना तिने चारपाच नवे टोमणे जुळवून आणले असणार. पण मागच्या खोलीत दोघं पांढऱ्या जाड अंगरख्यात समोरासमोर गुडघ्यांवर बसलेले बघितले आणि ती मुकाट्याने भिंतीला टेकली. नंतर ती म्हणायची, देवळात गेल्यावरसुद्धा मला कधी इतकं गप्प बसावंसं वाटलं नव्हतं.

दोघांनी एकमेकांना कपाळ टेकून नमस्कार केला. तोकुजी वळले, तिच्याकडे पाठ करून बसले. त्यांची मान बारीक झाली होती, मागचे केस विरळ. ते केस तिनेच परवा कापले होते. रीत अशी, की जाणाऱ्याने आपला एक तळवा नेणाऱ्याच्या हातावर नुसता ठेवायचा. धरायचं नाही, ओढायचं नाही. तो तळवा घसरला, की माणूस गेला. तोकुजींनी तळवा ठेवला. हलका, गरम.

कानेयोने हात घातला. या वेळी तो बरोबर बसला. जोर लावावाच लागला नाही. दार केसभर उचलावं तसं झालं. तोकुजी श्वास सोडत गेले, खांदे उतरले, कुठेही विरोध नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, चाळीस पिळदार माणसांना ज्याने आपटलं, तो आपला सगळा जीव तिच्या कोपराच्या वळणात ठेवून निवांत बसला होता. तिला आत कुठेतरी लख्ख जाणवलं, की रोज संध्याकाळी हा माणूस हरत होता तो याचीच तयारी करत होता. पाच हजार वेळा पडला, दहा हजार वेळा पडला, तो या एका पडण्यासाठी.

तळवा घसरला.

तिने तत्क्षणी हात सोडवला आणि त्यांना चटईवर उताणं निजवलं. इथून पुढे थांबायचं नसतं. तिला ते झोपेतसुद्धा पाठ होतं. पण तिची नजर चेहऱ्यावर गेली. सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या होत्या, तोंड थोडं उघडं. आणि तो तेइजीचा चेहरा होता. अगदी तीच हनुवटी, ओठांची तीच ठेवण. जागेपणी ती कधी दिसली नव्हती, कारण जागेपणी तोकुजी दात आवळून असत. पेटीत ती जे शोधत होती आणि सापडलं नव्हतं, ते तिच्या पुढ्यात चटईवर पडलं होतं.

एक श्वास ती थांबली. फार लांब नाही. हामाला तर काही कळलंही नाही. पण त्या एका श्वासात कानेयोला सगळं पुरं दिसलं. नुसतं बसून राहायचं. कुणी काही म्हणणार नाही. म्हातारा माणूस, छातीत कळ येऊन गेलेली, डॉक्टरही मान हलवेल. सतरा वर्षांचा हिशोब कुणालाही न कळता मिटेल. आणि त्याच वेळी दिसलं, की तिकडे ब्रह्मदेशातल्या चिखलात तेइजी असाच पडला असेल आणि त्याच्यावर वाकलेलं कुणीच नसेल. इथे आपण वाकलेल्या आहोत.

श्वास संपला. तिने तोकुजींना उचलून बसतं केलं, पाठीशी गुडघा लावला, दोन्ही तळवे जिथे लावायचे तिथे लावले आणि पोटातून एक आवाज दिला. खिडकीचे कागद थरथरले. काही नाही. मान तशीच लोंबती. तिने पुन्हा आवाज दिला, आणि या वेळी त्यात घराण्याचं काही नव्हतं, ती सरळ बाबा म्हणून ओरडली. तोकुजींच्या छातीत काहीतरी हललं. बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा त्यांनी एक लांबलचक श्वास आत ओढला. मग खोकले. मग डोळे उघडले.

हामा भिंतीशी बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. इतकी वर्षं हिनेच या घराची थट्टा केली होती. पुढे गावात कुणी गळ्यावरून टोमणा मारायला लागलं की हीच बाई त्याच्यावर धावून जायची.

तोकुजी हळूहळू सुनेकडे वळले.   ती हामाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "मी थांबले होते. एक श्वास."

"एकच?"

"एकच."

तोकुजींच्या चेहऱ्यावर अजून तो सैलपणा होता, दात आवळलेले नव्हते.

"तुझ्या जागी मी असतो," ते म्हणाले, "तर दोन थांबलो असतो."

परत आलेल्याने परत आणणाऱ्यापुढे एकदा कपाळ टेकायचं, असा नियम आहे. तोकुजींनी चटईवर दोन्ही तळवे ठेवून कपाळ टेकलं आणि वर आले. मग त्यांनी पुन्हा टेकलं. ते दुसऱ्या वेळचं टेकणं नियमात नव्हतं, आणि या वेळी ते वर आले नाहीत. त्यांची पाठ हलत होती. कानेयो तिथेच, त्यांच्या कपाळाला कपाळ लागेल इतकी खाली वाकली, आणि पेटी आली त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते दोघंही रडले.